माकडहाड

"आणि हे?" बुवांनी आपल्या छातीवर बोट ठेवून विचारलं.

"बरगडी," उकिडवे म्हणाले. "बरगड्यांचा पिंजरा असतो. आत हृदय आणि फुप्फुसं. बाहेरून मार बसला तर तो आधी पिंजऱ्याला बसतो."

"पिंजरा पाखरू बाहेर जाऊ नये म्हणून असतो ना?"

"हा वेगळा, बुवा. हा श्वासाबरोबर हलतो."

"हलणारा पिंजरा... बरं आहे." बुवांनी एक श्वास घेऊन पाहिला. पिंजरा हलत होता. त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

रेवागिरी बुवांचा मठ कासारमाळाच्या टेकडीखाली आहे. मठ म्हणजे एक देऊळ, तीन खोल्या, दगडी ओसरी आणि मागे पायऱ्यांची बारव. वामन उकिडवे निवृत्त झाल्यावर इथं येऊन राहिले होते. त्यांनी जन्मभर वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना शिकवली. कुठलंही हाड हातात द्यावं, ते डोळे मिटून सांगत की हे डाव्या बाजूचं आहे की उजव्या, बाईचं आहे की पुरुषाचं. हाडांच्या बाहेरची माणसं ओळखण्याचा भाग अभ्यासक्रमात नव्हता.

बायको गेल्यावर घर मोठं वाटायला लागलं, म्हणून ते ध्यान शिकायला आले. पहिल्या दिवशी बुवा म्हणाले, "आधी बसायला शीक."

उकिडवे बसले. मणक्यावर मणका, मान सरळ, हनुवटी आत. प्रयोगशाळेतल्या सांगाड्याला मांडी घालता आली असती तर तो असाच बसला असता. गावातले लोक त्यांना बघायला येत आणि हळूच नमस्कार करून जात.

बुवा जाता जाता बघत आणि म्हणत, "अजून बसला नाहीस."

उकिडव्यांनी हे म्हाताऱ्या माणसाचं पालुपद म्हणून सोडून दिलं होतं.

बाकी मठात त्यांनी पुष्कळ सुधारणा केली. घंटेची वेळ ठरली, जेवणाची ठरली, चपला कुठं काढायच्या तेही ठरलं. बुवांनी कशालाच हरकत घेतली नाही. एकच केलं. रोज सकाळी ते ओसरीवर येत आणि शाळेतल्या मुलासारखं विचारत, "आज कुठलं हाड?"

गुरूनं आपल्याला विचारावं, यात उकिडव्यांना वावगं वाटत नव्हतं. उशीर झाला होता एवढंच.

"हे?" बुवांनी गळ्याखाली हात नेला.

"गळपट्टीचं हाड. हा हाताचा आधार. हे नसतं तर खांदे पुढं गळाले असते, हात छातीला चिकटून राहिले असते."

"आणि हे इथलं? गिळताना वर-खाली होतं ते?"

"ती कूर्चा, हाड नव्हे. पण त्याच्या वर, जिभेच्या मुळाशी, घोड्याच्या नालेसारखं एक हाड आहे. गंमत अशी की अंगातल्या दुसऱ्या कुठल्याच हाडाला ते जोडलेलं नाही."

"कुणाशी नातं नाही?"

"नाही."

"संन्यासी." बुवा खूश झाले. "काय करतं?"

"गिळायला मदत करतं. आणि बोलायला."

"खातं आणि बोलतं... म्हणजे संन्यासीच."

उकिडवे हसले नाहीत. हाडांच्या बाबतीत विनोद कुणी करायचा हे ठरलेलं होतं.

"कानात तीन हाडं असतात," ते पुढं म्हणाले. "तांदळाच्या दाण्याएवढी. ती हलली की आपल्याला ऐकू येतं. मांडीचं हाड अंगाचं ओझं वाहतं. कवटी मेंदू सांभाळते. मोठी हाडं आतून पोकळ असतात, त्यात मज्जा. काही हाडांच्या मज्जेत रक्त तयार होतं."

"एवढ्या टणक वस्तूत?"

"टणक बाहेरून. आत मऊच."

"हे बरं शिकवलंस," बुवा म्हणाले. "म्हणजे बिनकामाचं असं एकही नाही?"

उकिडवे या प्रश्नाची वाट बघत होते. वर्गात हा प्रश्न कुणीतरी विचारायचंच. नाही विचारला तर ते स्वतः विचारत.

"एक आहे. माकडहाड."

"कुठं असतं?"

"कण्याच्या अगदी तळाला. आपल्या पूर्वजांना शेपूट होतं, त्याचा हा उरलेला बुंधा. शेपूट गेलं, हाड राहिलं. निसर्ग काढून टाकायला विसरला."

"निसर्ग विसरला..."

"हो."

"तू नसतास विसरला."

उकिडव्यांना हे कौतुक वाटलं.

"त्यावरूनच आठवलं," ते म्हणाले. "तात्यांचं ठरवायला हवं."

ओसरीच्या दुसऱ्या टोकाला सुभानतात्या बसले होते. ते मठात केव्हा आले ते कुणाला सांगता येत नव्हतं. नातलग नव्हते. ऐकू कमी यायचं. ते पूजा करत नसत, झाडत नसत, आणि भजनात हातात टाळ दिले तर मांडीवर ठेवून त्यांच्याकडे बघत बसत. दिवसभर त्यांचा एकच उद्योग होता. जुन्या धोतरांच्या आणि लुगड्यांच्या चिंध्या पिळून ते चुंबळी वळायचे. बाया डोक्यावर घागर घेताना खाली कापडाचं कडं ठेवतात, ती चुंबळ.

गावात नळ येऊन इतकी वर्षं झाली होती की लोक आता नळाविरुद्ध मोर्चे काढत होते. डोक्यावर घागर घेणारी बाई उरली नव्हती. चुंबळी मात्र वळल्या जात होत्या. खुंट्यांवर चुंबळी, खिडकीच्या गजांवर चुंबळी, नंदीच्या शिंगातही एक.

"त्यांची खोली मोकळी झाली तर तिथं ग्रंथालय होईल," उकिडवे म्हणाले. "तालुक्याला वृद्धाश्रम आहे. स्वच्छ आहे, डॉक्टर येतात. मी बोलून ठेवलंय. गुरुवारी जीप येईल."

"तात्याला विचारलंस?"

"सांगितलं. ते म्हणाले, 'जीपनं?' चांगले खूश दिसले."

"बरं."

"तुमची हरकत नाही ना? म्हणजे... त्यांचं इथं काही काम नाही."

"काही नाही," बुवा म्हणाले. "मी पुष्कळ शोधलं. सापडलं नाही."

"मग?"

"तू ठरव. हाडं तुला कळतात."

त्याच दुपारी शहरातून दोन पाहुणे मठ बघायला आले. उकिडवे त्यांना बारव दाखवायला घेऊन गेले.

वर्गात उकिडव्यांची एक सवय होती. ते मुलांकडे तोंड करून, उलटं चालत शिकवत. सपाट फरशीवर या सवयीनं त्यांचं काहीच बिघडलं नव्हतं. बारवेला पायऱ्या आहेत, आणि पायऱ्यांवर शेवाळ आहे.

"माणसाचं सगळ्यात भक्कम हाड मांडीचं," ते पाहुण्यांना सांगत होते. "त्याच्याच जोरावर माणूस इतर प्राण्यांपेक्षा ताठ उभा..."

वाक्य तिथंच राहिलं. उकिडवे एक पायरी खाली, दगडावर, बसले होते. पाहुण्यांना वाटलं की हाही माहितीचाच भाग आहे.

तालुक्याचा डॉक्टर त्यांचाच जुना विद्यार्थी निघाला. त्यानं एक्स-रेचा फोटो उजेडाला धरून पाहिला.

"सर, माकडहाड आहे."

"माहीत आहे."

"मोडलेलं नाही. मुका मार आहे. पण दुखेल. याला प्लास्टर घालता येत नाही. तुम्हीच शिकवलं होतं."

"तेव्हा वर्ग हसला होता."

"मीही हसलो होतो, सर," डॉक्टर म्हणाला, आणि अतिशय गंभीर चेहऱ्यानं गोळ्या लिहून दिल्या.

उकिडवे दुधाच्या टेम्पोत पालथे पडून मठात परत आले.

त्यानंतर त्यांना बसता येईना. पाठीवर निजता येईना. ते उभ्यानं जेवले, उभ्यानं भजनाला हजर राहिले. बंदोबस्ताला पोलीस आल्यासारखं दिसत होतं. फारच पाय दुखले की ते दोन पायांवर उकिडवे बसत. घराण्याचं नाव राखण्याची वेळ त्यांच्यावर प्रथमच आली होती.

ध्यानही उभ्यानं झालं. बुवा जाता जाता थांबले, बघितलं, आणि काही न म्हणता पुढं गेले. पालुपद ऐकू आलं नाही तेव्हा उकिडव्यांना ते हवंसं वाटलं.

बुधवारी दुपारी ते ओसरीच्या खांबाला हात लावून उभे होते. सुभानतात्या आपल्या जागेवरून उठले. तात्या जेवणाखेरीज उठत नसत, म्हणून उकिडव्यांनी मान वळवून पाहिलं. तात्यांनी खुंटीवरची एक जाडशी चुंबळ काढली, ओसरीच्या कडेला ठेवली, आणि तिच्यावर हात थोपटला.

"बसा."

"तात्या, ही डोक्यावर घ्यायची वस्तू आहे."

"आं?"

"डोक्यावर घ्यायची!" उकिडवे ओरडले.

"डोस्कं दुखतंय व्हय तुमचं?"

"नाही..."

"मग बसा की."

उकिडवे बसले. आधी एका अंगावर, मग धीर करून सरळ. मधल्या पोकळीत दुखरी जागा अलगद अधांतरी राहिली. तीन दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या पायांना सुटका मिळाली. तोंडातून नकळत "आह" निघालं.

तात्यांनी ते ऐकलं नाही. ते आपल्या जागेवर जाऊन पुढची चिंधी पिळायला लागले होते.

गुरुवारी सकाळी उकिडवे त्याच जागी, त्याच चुंबळीवर बसले होते. बुवा येऊन समोर बसले.

"आज कुठलं हाड?"

उकिडवे चुंबळीवर जरा सरकून बसले.

"मग मी विचारतो. माकडहाड कशासाठी असतं?"

उकिडव्यांनी चुंबळीची कड चाचपली.

"विसरलास?"

"नाही. ओटीपोटाच्या तळाला स्नायूंची एक झोळी असते, बुवा. पोटातलं सगळं त्या झोळीत पेललेलं असतं. त्या झोळीचं मागचं टोक या हाडाला बांधलेलं आहे. आपण मागं रेलून बसलो की अंगाचा थोडा भारही याच्यावर येतो."

"म्हणजे खुंटी."

"हो. खुंटी म्हणा."

"हे पडल्यावर कळलं?"

"नाही. पुस्तकात आहे. मी दर वर्षी शिकवायचो."

"आणि त्या दिवशी बिनकामाचं म्हणालास."

"तसं म्हणायची पद्धत आहे." उकिडवे खाली बघत म्हणाले. "वर्गात हशा होतो."

"होत असेल," बुवा म्हणाले.

बाहेर जीपचा हॉर्न वाजला.

सुभानतात्या तयारच होते. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका, बगलेत छोटं गाठोडं. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी आपल्यासाठी गाडी पाठवलीय हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ते पायऱ्या उतरून जीपपाशी गेले, तिच्या पत्र्यावरून हात फिरवला आणि ड्रायव्हरला म्हणाले, "म्होरं बसाया मिळंल न्हवं?"

"मिळेल की आजोबा. बसा."

तात्या पुढं बसले. मग काहीतरी आठवल्यासारखे खाली उतरले आणि ओसरीकडे आले.

"तुमी न्हाई येत, सर?"

"मला जीपमध्ये बसवणार नाही, तात्या. दुखतं."

"आं?"

"बसवणार नाही!"

"त्यात काय... चुंबळ हाय की!" तात्यांनी खुंटीवरची आणखी एक काढली आणि उकिडव्यांच्या हातात दिली. "ही घ्या. ती जाताना, आन् ही येताना."

उकिडवे त्या कापडाच्या कड्याकडे बघत राहिले.

"येताना?"

हे मात्र तात्यांना ऐकू गेलं. कदाचित ओठांवरून कळलं असेल.

"मग? सांजच्याला भाकरी खाया यायचं न्हाई व्हय?"

तात्या परत जाऊन पुढच्या सीटवर बसले आणि काचेतून समोर बघायला लागले.

उकिडव्यांनी बुवांकडे पाहिलं. बुवा बारवेच्या दिशेनं बघत होते. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं.

"मी त्यांना सांगितलं होतं," उकिडवे हळू म्हणाले. "नीट सांगितलं होतं. वृद्धाश्रम म्हणालो होतो, कायमचं म्हणालो होतो..."

"हो. त्याला जीप ऐकू आली."

ड्रायव्हर पायरीपाशी आला. "निघू का, सर? लांब जायचंय."

"थांबा." उकिडव्यांचा आवाज वर्गातला झाला. "जीप परत न्या. तात्या इथंच राहतील."

"आता काय झालं हो? साहेबांनी खाट तयार ठेवलीय. मला विचारतील, का नाही आणला म्हणून. काहीतरी कारण सांगावं लागेल."

कारण उकिडव्यांपाशी होतं. कारण नसताना ते कधी काही करत नसत.

"सांगा, की चौकशीत चूक झाली होती. त्यांचा इथं उपयोग आहे. त्यांनी केलेल्या या चुंबळीमुळे मला बसता येतं." मग ते बुवांकडे वळले. उत्तर बरोबर आलेल्या मुलाचा चेहरा असतो तसा त्यांचा चेहरा होता. "बिनकामाचं कुणी नसतं, बुवा. माझं चुकलं. उपयोग असतोच. आपल्याला दिसत नाही."

बुवांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"आणि दुखायचं थांबल्यावर?"

उकिडव्यांचा हात खालच्या चुंबळीकडे गेला.

जीपमध्ये तात्यांना एक बटण सापडलं होतं. काचेवरचा पुसणारा दांडा खर्र करून एकदा फिरला, आणि तात्या एकटेच हसले.

"काय सांगू मग साहेबांना?" ड्रायव्हरनं विचारलं. "चुंबळीचं सांगू?"

उकिडवे खांबाला धरून उठले. उठताना त्यांचा चेहरा वाकडा झाला. त्यांनी खालची चुंबळ उचलली, हातातली तिच्यावर ठेवली, आणि दोन्ही नेऊन पुन्हा खुंटीला अडकवल्या. एक पडली. ती वाकून उचलायला त्यांना वेळ लागला. कुणी मदत केली नाही. ती त्यांनी पुन्हा अडकवली.

मग ते जागेवर आले आणि नुसत्या दगडावर बसले.

डोळ्यांत पाणी आलं. ताठ बसणं जमेना. पाठ पुढं झुकली, खांदे पडले, मान खाली आली. जन्मभर ज्या आकाराला ते वर्गात नावं ठेवत आले होते, त्या आकारात ते बसले होते. पण उठले नाहीत.

"सर?" ड्रायव्हर म्हणाला. "कारण...?"

"काही कारण नाही म्हणून सांगा."

"असं कसं सांगू?"

"असंच सांगा."

ड्रायव्हरनं बुवांकडे पाहिलं. तिथून काही मिळेना, तेव्हा मान हलवून तो निघाला.

"आणि ऐका," उकिडवे मागून म्हणाले. "त्यांना लगेच उतरवू नका. नाक्यापर्यंत एक फेरी मारून आणा. पुढंच बसू दे. भाकरीच्या आत परत आणून सोडा."

जीप सुरू झाली. तात्यांनी गाठोडं मांडीवर घट्ट धरलं. उकिडवे चुंबळ न घेता मागंच राहिले, याचं त्यांना थोडं वाईट वाटलेलं दिसलं. मग गाडी हलली आणि ते विसरले.

धूळ खाली बसेपर्यंत दोघंही त्या वाटेकडे बघत होते.

"फार दुखतंय," उकिडवे म्हणाले.

बुवांनी मान हलवली. ते जरा सरकले, वाकलेल्या उकिडव्यांच्या शेजारी आले, आणि तितकेच वाकून बसले.

"वामन," ते म्हणाले, "आता बसलास."